सातबाऱ्यावर न उतरलेले पाणी

उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतील १२४ गावांसाठी राज्य सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नियुक्ती केली. कर्नाळा-साई-चिरनेर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रस्तावित नगराचे क्षेत्र ३२३.४४ चौरस किलोमीटर आहे. शिवडी आणि न्हावा-शेवा यांना जोडणारा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाल्यानंतर या पट्ट्यातील जमिनीला आलेले महत्त्व पाहता हा निर्णय अनपेक्षित नव्हता. अनपेक्षित नव्हता तसा गावोगावचा विरोधही. हजारो हरकती दाखल झाल्या. त्यांतल्या बऱ्याच हरकतींचा सूर एकच होता: शेजारी काय झाले ते आम्ही पाहिले आहे.

शेजारी म्हणजे नवी मुंबई. १९७० मध्ये ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ज्या जमिनीवर हे शहर उभे करण्याचे ठरले, ती ३४४ चौरस किलोमीटर होती आणि तीत अखेरीस ९५ गावांचा समावेश झाला. दोन्ही नगरांची क्षेत्रे जवळपास सारखीच आहेत. खाडीकाठही तोच आणि माणसेही बहुतांशी त्याच आगरी, कोळी, कराडी, आदिवासी समाजांतली. त्यामुळे नव्या नगराचा विचार करताना जुन्या नगराचा जमाखर्च तपासणे अपरिहार्य ठरते. हा जमाखर्च आजवर प्रामुख्याने दोन वेगवेगळ्या वह्यांत लिहिला गेला. एका वहीवर 'पर्यावरण' असे नाव आहे, दुसरीवर 'प्रकल्पग्रस्त'. वास्तविक खाडीकाठच्या जमिनीच्या बाबतीत ही एकच वही होती. ती फाडून दोन केल्यामुळेच कित्येक रकमा कोणत्याच बाजूला मांडल्या गेल्या नाहीत.

खारजमीन म्हणजे काय होते?

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर खारजमिनीची नोंद क्षेत्र, आकार आणि पीक एवढीच असते. प्रत्यक्षात ती नुसती जमीन नव्हती. पाण्यावर नियंत्रण ठेवणारी ती एक चालती व्यवस्था होती.

भरतीच्या वेळी खाडीचे पाणी ज्या सपाट खाजणात शिरते, त्या खाजणाला मातीचा बांध घालून शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या शेती मिळवली. बाहेरचा मोठा बांध समुद्राला अडवी आणि आतले लहान बांध पावसाचे गोडे पाणी शेतात धरून ठेवीत. या गोड्या पाण्याने जमिनीतला खार धुपून खाली जाई आणि मग भाताचे एक पीक येई. बाहेरच्या बांधात ठिकठिकाणी लाकडी दारे असत, त्यांना उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की शेतातले जादा पाणी उघाडीतून खाडीत जाई, भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच दार मिटे. यंत्र साधे होते, परंतु ते रोज सांभाळावे लागे. उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडली, तर एका रात्रीत कित्येक शेतकऱ्यांच्या शेतांत खारे पाणी भरे आणि तो खार उतरायला दोन-तीन पावसाळे जात.

म्हणून बांधाची निगा हे एकट्याचे काम नव्हते. अलिबाग-पेणच्या खारेपाटात या सामूहिक कामाला 'जोळ' असे नाव होते. ज्याचे शेत बांधाच्या आत, त्याच्या घरचा माणूस बांधावर, असा तो नियम. खांड पडल्याची हाळी आली की रात्रीबेरात्रीही गाव बांधावर जाई. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या मुंबई खारभूमी कायद्याने आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियमाने ही जबाबदारी हळूहळू शासकीय यंत्रणेकडे गेली. सरकारी योजनेत बांध अधिक भक्कम होतील ही अपेक्षा होती. काही ठिकाणी ते झालेही. पण निधी वेळेवर न आल्यास बांधावर जायचे कोणी, हा प्रश्न त्यामुळे प्रथमच निर्माण झाला.

बांधाच्या बाहेरही एक जग होते. तिवरांच्या मुळांत चिंबोरी, चिखलात निवट्या, खडकांवर कालवे, खाडीच्या तोंडाशी डोल लावणारे कोळी आणि उथळ पाण्यात पाग टाकणारे आगरी. पावसाळ्यात भात, थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत मिठागर, मधल्या दिवसांत खाडी, असे या भागातल्या कष्टकरी कुटुंबाचे वर्ष विभागलेले असे. आगरी हे नावच मिठाच्या आगरावरून आले, असे सांगितले जाते. ज्याच्या नावे गुंठाभरही जमीन नव्हती त्यालाही मिठागरावर मजुरी होती आणि खाडीत कालवण होते. कालवे फोडून ती बाजारात नेणाऱ्या बाईचे नाव कोणत्याही उताऱ्यावर नव्हते. तिला त्याची गरजही कधी पडली नव्हती.

जमीन हेच भांडवल

मुंबई बेटावरील गर्दीचा भार खाडीपलीकडे न्यावा ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकातून मांडली. त्यापूर्वीच ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने येऊ लागले होते. सरकारने कल्पना स्वीकारली आणि १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. सरकारने तिला दिलेले भागभांडवल सुमारे चार कोटी रुपयांचे. एवढ्या रकमेत शहर उभे राहत नाही, हे उघड होते. आराखड्याची खरी मेख इथे आहे. शेतजमीन शेतीच्या भावाने संपादित करायची, तिच्यावर रस्ते, गटारे, वीज आणायची, मग ती शहराच्या भावाने विकायची आणि त्या फरकातून पुढचे शहर बांधायचे. जमीन हेच भांडवल.

नियोजनाच्या दृष्टीने ही युक्ती देखणी होती. सरकारी तिजोरीवर भार नाही आणि जमिनीच्या वाढीव किमतीचा लाभ सट्टेबाजांऐवजी सार्वजनिक संस्थेला. परंतु या मांडणीत मूळ मालकाला जितके कमी द्यावे तितके शहर अधिक चांगले, असा हिशेब आपोआप तयार होतो. भाताच्या एका पिकावरून ठरवलेला भाव आणि विकसित भूखंडाचा भाव यांतली दरी गावकऱ्यांना दिसायला वेळ लागला नाही. शिवाय संपादनाची अधिसूचना निघाल्यानंतर प्रत्यक्ष निवाडे होण्यास वर्षानुवर्षे लागली.

जासईचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाटा आणि पागोटे येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याची योजना या रक्तातून निघाली. तिला निश्चित रूप यायला १९९० उजाडले. पुढे राज्यभर भूसंपादनाच्या प्रत्येक वादात 'साडेबारा टक्के' हा शब्द आला तो येथून. विमानतळासाठी २०१३ मध्ये हेच प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेले.

ही योजना म्हणजे मोठाच विजय होता, यात शंका नाही. तरीही तिची मोजपट्टी सातबाऱ्याचीच राहिली. साडेबारातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होऊन हाती पावणेनऊ टक्के पडतात, हा भाग अलाहिदा. भूखंड मिळण्यास लागलेल्या वर्षांत कित्येकांनी आपला हक्क बिल्डर आणि दलालांना पडत्या भावाने विकला, वारसांमध्ये दावे लागले, ही कहाणी आता बरीच सांगून झाली आहे. कमी सांगितली गेलेली गोष्ट वेगळी आहे. ज्याच्या नावे जमीन नव्हती त्याचे साडेबारा टक्के शून्यच आले. मिठागराचा मजूर, खंडाने शेत करणारा, खाडीवर पोट असणारा कोळी यांनी जे गमावले त्याचे क्षेत्रफळ काढता येत नव्हते. मग त्याचे शेकडा प्रमाण तरी कसे काढणार?

खाडीला सातबारा नसतो

या प्रश्नाला कायद्याच्या भाषेत उत्तर मिळायला २०१५ उजाडले. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. बंदरासाठी शेवे येथील कोळीवाडा उठवून उरणजवळ हनुमान कोळीवाडा वसवण्यात आला. त्या नव्या गावातील घरे वाळवीने पोखरली आणि पुनर्वसनाचेच पुनर्वसन करण्याची मागणी गेली कित्येक वर्षे चालू आहे. बंदराच्या भरावाने खाडीच्या पाण्याच्या वाटा बदलल्या, तिवरांची कत्तल झाली आणि मासेमारीच्या जागा गेल्या, अशी तक्रार घेऊन पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे गेले. लवादाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी १,६३० कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. निर्णयाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले.

रक्कम कितीही असो, या निकालाचे महत्त्व त्यातील एका गृहीतकात आहे. भरती-ओहोटीचा प्रवाह अडवणे ही पर्यावरणाची हानी, तीच मच्छीमाराच्या उपजीविकेचीही हानी, असे लवादाने मानले. फाटलेली वही येथे काही अंशी शिवली गेली, असे म्हणता येईल. मात्र बंदर सुरू होऊन तेव्हा पंचवीस वर्षे उलटून गेली होती. एका पिढीने खाडी सोडून कंटेनर गोदामांतून रखवालदारी पत्करली होती.

उघाडी गेली, धारण तलाव आले

आता शहराकडे वळू. ज्या पाण्याला बांध आणि उघाडी आवर घालीत, ते पाणी शहर आले म्हणून कोठे गेले नाही.

वाशी, सानपाडा, बेलापूर, कळंबोली या भागांतील बरीच जमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली होती. ती सगळी भराव घालून वर उचलायची, तर डोंगरच्या डोंगर मुरूम लागला असता आणि खर्च झेपला नसता. म्हणून नियोजनकारांनी हॉलंडच्या धर्तीवर वेगळा मार्ग काढला. माफक भराव, खाडीच्या बाजूने बांध आणि जागोजागी खोलगट धारण तलाव. भरती असताना मोठा पाऊस आला तर गटारांचे पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. तेवढा वेळ ते या तलावांत साठते आणि ओहोटी लागली की झडपांमधून खाडीत जाते. भरतीच्या दाबाने झडपा आपोआप मिटतात.

म्हणजेच ही उघाडीच होती. लाकडाच्या जागी लोखंड आले आणि भाताच्या शेताच्या जागी तलाव, एवढाच फरक. ज्यांनी ती रचना शेकडो वर्षे चालवली त्यांना शहराने अडाणी ठरवून बाजूला केले आणि त्यांचेच तंत्र डच म्हणून परत आणले, हा विरोधाभास तेव्हा कोणाच्या ध्यानात आला नसावा.

तंत्र आले; जोळ मात्र आला नाही. तलाव बांधले सिडकोने, ते सांभाळायचे १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आलेल्या महापालिकेने. दरम्यान, पारसिकच्या डोंगरावरच्या दगडखाणी, उघडी पडलेली टेकाडे आणि बांधकामांची माती यांमुळे प्रत्येक पावसात गाळ येत राहिला. गाळ साचून तलाव उथळ झाले. उथळ खाऱ्या चिखलात तिवरे उगवतात, हा निसर्गनियम आहे. तशी ती उगवली आणि फोफावली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने आणि १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम निकालाने राज्यभरातील तिवरांना संरक्षण दिले, त्यांच्याभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले. परिणामी, तलावातला गाळ काढायचा तर तिवरे तोडावी लागणार आणि तिवरे तोडायची तर न्यायालयाची परवानगी लागणार, अशा पेचात पालिका सापडली. पावसाळा आला की हा वाद नव्याने निघतो.

या पेचाचे खापर तिवरांवर फोडणे सोपे आहे आणि ते वारंवार फोडले जाते. परंतु तिवर हा रोग नव्हे, लक्षण आहे. वीस-पंचवीस वर्षे वेळच्या वेळी गाळ निघाला असता तर तलावात जंगल माजले नसते. खाडीच्या मोकळ्या किनाऱ्यावर हेच झाड लाटांचा जोर मोडते, गाळ धरते आणि माशांच्या पिलांना आसरा देते. ठाणे खाडीचा पश्चिमेकडचा भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, तो या चिखल आणि तिवरांमुळेच. रोहित पक्षी भरतीच्या वेळी खाडीतून उठून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर उतरतात. त्यांपैकी डीपीएस तळे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुमारे ३० एकरांच्या पाणथळीत भरतीचे पाणी येण्याच्या वाटा बुजल्या आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तेथे पक्षी मेल्याच्या घटनांनी शहर हळहळले. राज्य वन्यजीव मंडळाने २०२५ मध्ये या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. मेलेल्या पक्ष्याचे छायाचित्र निघते, हे त्या पाणथळीचे सुदैव. उघाडी बुजली म्हणून बंद झालेल्या पागाचे छायाचित्र निघत नाही.

अगदी उलट चित्र पेणच्या खारेपाटात दिसते. तेथे शहर अजून पोहोचलेले नाही, पण बाहेरचे बांध दुरुस्तीअभावी फुटले, शेतांत खारे पाणी शिरले आणि भाताच्या खाचरांत तिवरे उभी राहिली. झाड उगवताच जमीन किनारपट्टी नियमनाच्या कक्षेत येते आणि शेतकऱ्याला ती पुन्हा लागवडीखाली आणणे दुरापास्त होते. नापीक म्हणून मग तीच जमीन स्वस्तात विकली जाते.

शहर उंच, गाव खोल

नवी मुंबईत जमीन संपादित झाली, परंतु गावठाणे तशीच ठेवली गेली. सभोवारच्या शेतांवर भराव पडून तिथे सेक्टर उभे राहिले आणि मधले गाव बशीच्या तळासारखे खाली राहिले. पूर्वी गावाच्या कडेची शेते पाऊस पिऊन घेत. आता काँक्रिटवरून येणारे पाणी गावाच्या गल्लीत उतरते. मुळात गाव उंचवट्यावर वसवण्याची रीत होती ती पाण्यापासून बचावासाठीच. गावाने आपली जागा सोडली नाही. सभोवतालची जमीनच वर चढली.

गावठाणाच्या हद्दी कुटुंबांच्या वाढीबरोबर वाढवण्यात आल्या नाहीत. शेत गेलेल्या माणसाने मुलाच्या लग्नानंतर घरामागच्या मोकळ्या जागेत खोली काढली, तर ती जागा कागदोपत्री सिडकोची असल्याने ते अतिक्रमण ठरले. या भागात त्यांना 'गरजेपोटी बांधलेली घरे' म्हणतात. ती नियमित करण्याचे निर्णय एकामागून एक झाले, २०२२ आणि २०२४ मध्येही झाले, आणि प्रश्न शिल्लक आहे. गरजेपोटी बांधलेल्या घराआड भाड्यापोटी बांधलेल्या इमारतीही उभ्या राहिल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु शेत, मिठागर आणि खाडी ही तिन्ही उत्पन्ने गेल्यावर भाडे हेच गावाचे नवे पीक झाले, हेही तितकेच खरे.

हीच उंच-खोलाची गोष्ट विमानतळाच्या बाबतीत अधिक मोठ्या प्रमाणात घडली. सुमारे १,१६० हेक्टरांवरील हा विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटित झाला आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. त्यासाठी सुमारे ९० मीटर उंचीची उलवे टेकडी सुरुंगांनी उडवून सपाट करण्यात आली, दलदलीत काही मीटर भराव पडला आणि उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला. गाढी नदी वळवण्याचा मूळ प्रस्ताव मात्र २०१० मध्ये पर्यावरण मंजुरीच्या वेळी वगळण्यात आला. आक्षेप वेळेवर घेतले तर आराखडा बदलतो, याचे हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. दहा गाव-वस्त्यांतील सुमारे तीन हजार कुटुंबे हलवण्यात आली. भरावाच्या कडेला राहिलेल्या डुंगीसारख्या गावांत पावसाळ्यात पाणी शिरू लागले, तेव्हा त्यांच्याही स्थलांतराचा विषय निघाला. विमानतळाच्या धावपट्टीखाली ज्यांचे घर नव्हते ते 'प्रकल्पग्रस्त' नव्हते. पाण्याने त्यांना तसे केले.

शहराची सावली किती दूर पडते

शहराच्या हद्दीबाहेर जमिनीचा वापर बदलतो तो पाण्यासाठी. नवी मुंबई महापालिकेने खालापूर तालुक्यातील मोरबे धरण आपल्या मालकीचे केले. राज्यात स्वतःचे धरण असलेल्या मोजक्या पालिकांत तिची गणना होते आणि शहराला त्याचा रास्त अभिमान आहे. त्या जलाशयाखाली मात्र शेतकऱ्यांची आणि ठाकर आदिवासींची गावे गेली.

पेण तालुक्यातील हेटवणे धरणाची कथा अधिक बोलकी आहे. खारेपाटातील शेतीला दुसऱ्या पिकाचे पाणी मिळावे, हा त्याचा एक हेतू. सिडकोच्या वसाहतींना हेटवण्याचे पाणी नळाने पोहोचले. कालव्याचे पाणी शेतांत पोहोचण्याची वाट खारेपाट पाहत राहिला. तरीही या न आलेल्या पाण्याने एक विलक्षण काम केले. रायगड जिल्ह्यात उरण, पनवेल आणि पेणमधील ४५ गावांच्या जमिनीवर महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्र प्रस्तावित झाले, तेव्हा हेटवणेच्या लाभक्षेत्रातील गावांनी ओलिताखाली येणारी जमीन उद्योगाला देता येणार नाही, असा मुद्दा लावून धरला. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासह अनेकांनी उभारलेल्या त्या लढ्यामुळे २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांत सरकारी यंत्रणेमार्फत जनमत घेण्यात आले. शेतकऱ्यांचा कौल प्रामुख्याने विरोधात गेला आणि पुढे संपादनाची प्रक्रिया मुदत संपून बारगळली. भूसंपादनापूर्वी गावाला विचारण्याचा असा प्रसंग देशात विरळाच.

चिरनेर, साई आणि नवे नकाशे

त्याच उरण आणि पेणच्या गावांत आता पुन्हा नवनगराची चर्चा आहे. चिरनेर हे नाव तर महाराष्ट्राला जुनेच परिचित. २५ सप्टेंबर १९३० रोजी तेथील जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला होता. तेव्हा प्रश्न जंगल कोणाचे, असा होता.

यावेळी पद्धत बदलली आहे. सरसकट सक्तीचे संपादन टाळून नगररचना योजना, परस्पर संमतीने विकसित भूखंडाच्या बदल्यात जमीन, असे मार्ग पुढे आले आहेत. शेजारच्या नैना क्षेत्रात मालकाने ६० टक्के जमीन द्यायची आणि ४० टक्के विकसित भूखंड ठेवायचा, अशा योजना आखल्या गेल्या. तेथेही गावांचा विरोध राहिला. साडेबाराच्या तुलनेत चाळीस हा आकडा मोठा दिसतो. पण मोजपट्टी पुन्हा तीच आहे. येथे एक कायदेशीर बारकावा महत्त्वाचा आहे. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने 'बाधित कुटुंब' या संज्ञेत भूमिहीन शेतमजूर, कुळे, तसेच पाण्यावर उपजीविका असणारे मच्छीमार आणि नावाडी यांनाही घेतले आहे. सातबाऱ्याबाहेरच्या माणसाला कायद्याने दिलेली ही ठोस ओळख. परंतु ती लाभते जमीन त्या कायद्याखाली संपादित झाली तर. नगररचना योजनेत किंवा संमतीच्या करारात बोलणी होतात ती मालकाशी, आणि मालक कोण हे उताऱ्यावरून ठरते.

पाण्याच्या बाबतीतही तसेच. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखडा करण्यापूर्वी नियोजन प्राधिकरणास क्षेत्राची पाहणी करून विद्यमान भूवापराचा नकाशा तयार करावा लागतो. या नकाशावर खाचरे, खाजणे, तळी, वस्त्या आपापल्या रंगांत येतात. बाहेरचा बांध कोठून जातो, कोणती उघाडी चालू आहे, कोणत्या नाल्याचे पाणी भरतीच्या वेळी कोणत्या शेतात थांबते आणि कोणत्या चिखलावर कोणत्या वाडीतल्या बायका कालवे काढतात, हे नोंदवण्याची सक्ती कायद्यात नाही. मनाईही नाही. खारभूमी विभागाकडे आपल्या योजनांच्या बांधांची आणि उघाड्यांची माहिती असते, मत्स्यव्यवसाय विभागाकडे नौकांची आणि मच्छीमार सहकारी संस्थांची. उरलेले गावांतील वयस्क माणसांना तोंडपाठ आहे. एखाद्या ग्रामसभेने ठराव करून ही माहिती नकाशावर स्वतःच उतरवून हरकतीसोबत जोडली, तर ती शासकीय नस्तीत दाखल होते आणि सुनावणीच्या वेळी तिची दखल घ्यावी लागते. १२४ गावांच्या हरकतींत आजवर जमिनीच्या टक्क्यांचा मुद्दा अग्रभागी आहे. आराखड्याचा नकाशा पक्का झाल्यानंतर मात्र उघाडीची जागा दाखवून काहीच उपयोग नसतो, कारण तोवर तिच्यावर रस्ता आखला गेलेला असतो.